घोड्याच्या छापाचा डबा

शारजात रोल्लाच्या बाजारात एका औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतो तो बाम. सुट्टीच्या दिवशी साइटवरची माणसं बसमधून उतरतात, गावी पैसे पाठवतात, चहा पितात आणि आमच्या काउंटरशी येऊन सगळ्यावर चालणारं काहीतरी मागतात.

"मॅडम, डोकं धरलंय, कंबर धरलीय, झोप नाय. तिन्हीला मिळून एकच काय ते द्या," एक जण म्हणाला.

"तीन दुखणी, तीन औषधं," मी म्हटलं.

"मग ऱ्हाऊ द्या. बाम द्या. मोठी बाटली."

"बामच द्या ओ," त्याचा सोबती मागून म्हणाला. "ह्याची झोप बायकोनं नेलीय गावाला. त्याच्यावर तुमच्याकडं काय नसणार."

सगळे हसले, तोही हसला. मी बाम दिला.

बामाचा मला राग नाही. कापूर, पुदिन्याचं सत, निलगिरी, थोडं मेण. चोळला की चुरचुरतं आणि आपल्या दुखण्याकडे कुणीतरी बघितलं असं वाटतं. बाराजणांच्या खोलीत राहणाऱ्या माणसाला तेवढंही पुष्कळ होतं. आमच्या फळीवर बामाच्या शेजारी लहान मुलांचं ग्राइप वॉटर असतं, पोटासाठी फसफसणारं फ्रूट सॉल्ट असतं. हे सगळं व्हिक्टोरिया राणीच्या काळात विलायतेत निघालं आणि बोटीनं आपल्याकडे आलं, हे घेणाऱ्यांना माहीत नसतं. एका बदनाम घराण्याची ही सुधारलेली पतवंडं आहेत.

ते घराणं मी कॉलेजात पाहिलं होतं. आमच्या फार्मसी कॉलेजात एका सरांना जुन्या बाटल्या जमवायचा नाद होता. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांचं काचेचं कपाट होतं. निळ्या, तपकिरी, कडेला खाचा असलेल्या बाटल्या, आणि त्यांवर अजून चिकटून राहिलेली लेबलं. एका लेबलावर हसरी आई आणि तिच्या मांडीवर गाढ झोपलेलं बाळ होतं. रडक्या मुलांना शांत करणारं ते सिरप. आत अफू असायची, म्हणून बाळ शांत व्हायचं. काही बाळं पुन्हा उठायचीच नाहीत. दुसरी बाटली रक्तशुद्धीची. तिच्यावर रोगांची यादी होती, ती सर दरवर्षी वर्गातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला लावायचे. खोकला, क्षय, पटकी, मूळव्याध, स्त्रियांची अशक्तता, पुरुषांची उदासी, केस गळणे. आम्ही हसायचो. सर हसायचे नाहीत.

"हसता काय," ते म्हणायचे. "ही खोटी नव्हती. हिनं बरं वाटायचं. तीच तर अडचण आहे."

आणखी एक गोष्ट ते सांगायचे. ह्यांना पेटंट औषधं म्हणत, पण बहुतेकांनी पेटंट कधी घेतलंच नव्हतं. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते लिहून द्यावं लागतं. लिहून द्यायचं नव्हतं, म्हणून नुसतं नाव आणि चित्र नोंदवायचं. लोक चित्र ओळखायचे. परीक्षेत ह्याच्यावर कधी प्रश्न आला नाही, त्यामुळे मीही ते विसरून गेले. आठवलं ते आमच्या शेजाऱ्यांमुळे.

आम्ही अल मजाजला राहतो, लगूनच्या खाऱ्या तळ्याच्या बाजूला. समोरच्या दारात रत्नागिरीकडचं एक कुटुंब. नवरा, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी. बायकोचा धाकटा भाऊही शारजातच, भावजींच्या दुकानात. ती मला वहिनी म्हणते, मी तिला भाभी म्हणते. दोन्हीचा अर्थ एकच असल्यामुळे आमच्यात मोठं कोण हा प्रश्न कधी सुटला नाही. तिच्या नवऱ्याला मी भाईजान म्हणायचे. खाडीच्या धक्क्यावर बोटींना लागणारे दोर, रंग, साखळ्या, नटबोल्ट पुरवायचं त्यांचं दुकान होतं. तरुणपणी ते स्वतः बोटीवर होते. चढणं-उतरणं, ओझी, खारी हवा ह्यात गुडघे गेले होते. आम्ही नव्यानं राहायला आलो तेव्हा लिफ्ट बंद पडली की ते खालच्या वॉचमनच्या खुर्चीवर बसून राहायचे.

मग त्यांचे गुडघे बरे झाले. एका पावसाळ्यात ते गावी जाऊन आले आणि संध्याकाळी लगूनभोवती फेऱ्या मारायला लागले. माझा नवरा दुबईहून जॅममध्ये रखडत यायचा, ते त्याला खाली भेटायचे.

"यल्ला, चला एक चक्कर," ते म्हणायचे. "तुम्ही गाडीत बसून म्हातारे झालात."

"तुम्ही गावाहून नवे गुडघे बसवून आलात," नवरा म्हणायचा.

"बिनापैशाचे!"

पुढच्या वर्षा-दोन वर्षांत त्यांचं अंग भरलं. चेहरा गोल झाला, गाल लाल झाले. इथे येणारा प्रत्येक माणूस सुटतो, आणि सुटणं म्हणजे बरं चाललं असं आपल्याकडे मानतात. त्यांच्या हातांवर निळे डाग दिसायचे. विचारलं तर म्हणाले, दोरखंड लागतात. तरी मी एकदा सरळ विचारलं होतं.

"भाईजान, काही गोळ्या चालू आहेत का?"

"एक नाही!" ते खूश होऊन म्हणाले. "वहिनी, तुमच्या दुकानाला माझ्याकडून एक दिरहम मिळायचा नाही. अल्लाची मेहरबानी."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या हिशेबी ते खरंच काही घेत नव्हते.

आता आमच्या इथला एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गावाहून येणारा कुणी एकटा येत नाही. तो आजूबाजूच्या पाच घरांचं सामान घेऊन येतो. निघायच्या आदल्या दिवशी बायका पिशव्या आणून देतात. सुके बोंबील, कोकम, मसाला, नाचणीचं पीठ, तांदळाच्या फेण्या, लेकीसाठी डिंकाचे लाडू. वजन काट्याबाहेर गेलं की त्या माणसाचे स्वतःचे कपडे काढतात, पिशव्या काढत नाहीत. औषधंही अशीच येतात. वैद्याची पुडी, हकिमाचं तेल, कुणाच्या तरी आजीचा काढा. माझ्यासारखीला ती दाखवत नाहीत. माझ्या समोर ठेवायची वस्तू म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. बाकीचं माझ्यापासून लपवतात, सासूपासून भेळ लपवावी तसं.

भाईजानांचं जे काही यायचं ते ह्याच वाटेनं यायचं.

एका उन्हाळ्यात आमच्या सगळ्या ग्रुपांवर एक बातमी फिरली. कुणाच्या तरी बॅगेत खसखस सापडली, त्याला विमानतळावरच धरलं. मग दुसरी, कुणाच्या तरी वडिलांच्या गोळ्यांवरून चौकशी झाली. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून ती इथे चालत नाही हे खरं आहे, आणि काही औषधांना आधी परवानगी लागते हेही खरं आहे. पण ग्रुपावर गोष्ट फिरते तेव्हा ती वाढत जाते. आठवडाभरात लोक हिंगाची डबीसुद्धा आणायला भ्यायला लागले.

त्याच सुमारास भाभीचा भाऊ गावाहून परतला. त्याला भावजींनी एक डबा आणायला सांगितला होता. तो आल्या दिवशी मी समोरच्या घरातच होते, दुधाचं विरजण मागायला गेले होते. तो हॉलमध्ये जमिनीवर बॅग उघडून बसला होता आणि पिशव्या काढत होता.

"बोंबील, घ्या. कोकम, घ्या. हा मसाला अम्मानं दिलाय, हा खालच्या चाचीचा."

"आणि माझा?" भाईजान म्हणाले.

"तुमचा राहिला."

"राहिला म्हणजे?"

"म्हणजे काढून ठेवला. भावजी, बाजारातली पूड, डब्यावर नुसता घोडा, करणाऱ्याचं नाव नाही गाव नाही. मला विचारलं हे काय, तर काय सांगू? घोडा आहे सांगू?"

"चार वर्षं लोक आणतात. कुणी विचारलं नाही."

"मग पाचव्या वर्षी माझ्यापासून सुरू झालं असतं. मी जेलात बसू आणि तुम्ही लगूनवर चक्कर मारा!"

भाभी हसली. भाईजानही हसले आणि म्हणाले, "खलास. राहू दे. गुडघे काही पळून जात नाहीत." मला वाटलं साध्या चूर्णाबिर्णाची गोष्ट असेल. मी विरजण घेऊन घरी आले.

थोड्याच दिवसांत त्यांचे गुडघे पुन्हा दुखायला लागले. त्याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मग ते थकायला लागले. दुकानात दुपारी झोपायला लागले. जेवण जाईना. ऑगस्ट होता, बाहेर उभं राहिलं तरी चष्म्यावर वाफ धरत होती, त्यामुळे सगळ्यांनी उन्हाळा म्हटलं. मी मीठ-साखरेची पाकिटं नेऊन दिली. मग त्यांना थोडा ताप आला, साधा, सर्दीचा. त्यानंतर उलट्या सुरू झाल्या. एका सकाळी ते बाथरूमच्या दारात पडले. शुद्ध होती, पण उठता येत नव्हतं. मी ड्यूटीवर होते. भाऊ आणि मुलगी त्यांना घेऊन हॉस्पिटलात गेले, भाभी बरोबर होती.

तिथे जे झालं ते मला नंतर मुलीनं सांगितलं.

"दे आस्क्ड अस, आंटी. एनी रेग्युलर मेडिकेशन? टू टाइम्स दे आस्क्ड. अम्मी सेड नो. आय ट्रान्सलेटेड. आय ऑल्सो सेड नो."

हॉस्पिटलनं जे विचारायचं ते विचारलं होतं. रक्तदाब खाली, पोटात दुखतंय, ताप आहे. त्यांनी सलाइन लावलं, अँटिबायोटिक दिलं, हृदय तपासलं, पोटाचे फोटो काढले. रक्तदाब वर येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. अंगात जंतू पसरले असावेत, हृदयावर ताण आला असावा, असं काहीतरी सांगितलं. साठीलाही आले नव्हते.

दफन इथेच झालं. माझा नवरा गेला होता. आल्यावर त्यानं बूट दाराबाहेर काढले. मग म्हणाला, "ते चक्कर मारायला बोलावायचे आणि मी दहातून नऊ वेळा दमलोय म्हणायचो." मी त्याला चहा दिला.

समोर बायकांची रीघ लागली होती. मला सांत्वन करता येत नाही. लोक काय बोलतात ते ऐकून मला कळतं, पण तोंडातून निघत नाही. चहा मात्र करता येतो, म्हणून मी भाभीच्या ओट्याचा ताबा घेतला. वेलची शोधत वरची फळी उघडली. तिथे एकसारखे गोल पत्र्याचे डबे रांगेत लावले होते. एकात लवंग, एकात दालचिनी, एकात त्रिफळ, एकात वेलची. कोकणातल्या कुठल्याही घरात रिकामा डबा टाकून देत नाहीत. धुतात, वाळवतात, भरतात. लेबलं पाण्यानं फिकट झाली होती, पण वाचता येत होती. धावणारा घोडा. घोड्याखाली एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला उर्दू.

संधिवात, गुडघे, कंबर. दमा, जुनाट खोकला. अंगाची खाज, चट्टे. भूक मंदावणे. थकवा. सकाळी चिमूटभर मधातून. शुद्ध वनस्पती. अपाय नाही.

मी गॅससमोर उभी राहून ती यादी वाचली. आत काय आहे ते कुठे लिहिलं नव्हतं. पण यादी पुरेशी होती. जगात एक औषध आहे, जे ह्यातल्या प्रत्येक दुखण्यावर खरोखर चालतं, आणि पहिल्याच आठवड्यात चालतं. ते आमच्या दुकानातही आहे, पण चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही. स्टेरॉइड. गोल चेहरा, लाल गाल, हातावरचे निळे डाग त्याच्याच खुणा. गावातल्या त्या औषधवाल्यानं गोळ्या कुटून झाडपाल्याच्या पुडीत मिसळल्या होत्या. सरांच्या कपाटातली बाटली माझ्या हातात होती, फक्त पत्र्याची.

दूध उतू गेलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. हे द्रव्य आपलं शरीर स्वतःच रोज थोडं तयार करतं. त्याच्याशिवाय रक्तदाब टिकत नाही, आजार सोसत नाही. बाहेरून वर्षानुवर्षं मिळत राहिलं की शरीर आपलं काम थांबवतं. घरी मेसचा डबा येत असला की कुणी चूल पेटवत नाही, तसं. मग एक दिवस डबा येत नाही, आणि घरात ना लाकूड असतं ना पीठ. अशा वेळी साधा ताप आला तरी माणूस कोसळतो. त्यावर उपाय आहे. तेच औषध शिरेतून द्यायचं. प्रत्येक इमर्जन्सीत ते असतं. पण कुणीतरी सांगावं लागतं.

आणि भाभीनं नाही म्हटलं होतं, कारण तिच्या मते औषध म्हणजे माझ्या दुकानात मिळतं ते. डबा म्हणजे गावची गोष्ट, मसाल्यासारखी, बोंबलांसारखी. थोडी भीतीही असेल, इतक्या बातम्या ऐकल्यावर. पण मुख्य हेच, की तिला तो प्रश्न त्या डब्याबद्दल आहे हे कळलंच नाही. माझ्याही प्रश्नाला भाईजानांनी हेच उत्तर दिलं होतं.

मी गॅस पुसला, चहा गाळला, बायकांना दिला. डबा होता तिथे ठेवला. भाभीला काही सांगायचं नाही असं मी तिथेच ठरवलं. माणूस गेला होता. सांगून तो परत येणार नव्हता. तिला आयुष्यभर जागं ठेवायला हे एवढं पुरलं असतं. नवऱ्यालासुद्धा मी बोलले नाही.

नवरा गेल्यावर पाळायची तिची चार महिन्यांची इद्दत सुरू झाली. त्या काळात ती घराबाहेर पडायची नाही, म्हणून दुकानातून येताना मी तिची भाजी आणायचे. ती दारातच घ्यायची, कधी आत बसवायची. दुकान भाऊ बघत होता. मुलगी कॉलेजात जायला लागली होती. एके दिवशी मी पिशवी घेऊन गेले तेव्हा भाभी आईशी फोनवर बोलत होती. रत्नागिरीकडच्या गावात तिची आई एकटी राहते. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड होता.

"एक तरी बरी गोष्ट आहे, वहिनी. अम्माचे गुडघे सुटले."

"सुटले म्हणजे?"

"चालते की! वरच्या वाडीत जाऊन भांडून आली परवा. कुणाशी विचारू नको, कुणाशीही भांडते. ह्यांचा तो डबा नव्हता का, भावानं आणला नाही तो? त्यानं अम्माकडेच ठेवला होता. वाया कशाला घालवायचा म्हणून तिनं सुरू केला. पहिल्याच आठवड्यात फरक. मग तिनं तिथूनच आणखी मागवला." ती थांबली. "ह्यांच्या वाटचं तिला लागू पडलं. एवढं तरी."

मी पिशवी खाली ठेवली.

"आता आहे का तिच्याकडे?"

"संपत आलाय म्हणे. औषधवाला कुठे गेलाय, महिनाभर दुकान बंद आहे. दुखतील म्हणते पुन्हा, पण म्हणते, काढीन तेवढे दिवस."

मी विचार करायला बसले नाही. विचार करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"भाभी, बस," मी म्हटलं. "अम्मानं ती पूड एकदम बंद करायची नाही."

"बंद कुठे करतेय ती? संपतेय."

"तेच. संपू द्यायची नाही. संपायच्या आधी तिला डॉक्टरकडे न्यायला हवं. उद्याच."

"पुडीसाठी डॉक्टर?"

मग मी सांगितलं. जेवढं सोपं करता येईल तेवढं केलं. चूल, मेसचा डबा, सगळं. भाईजानांचं नाव घेतलं नाही. अम्माचंच बोलत राहिले. थकवा येईल, जेवण जाणार नाही, उलट्या होतील, मग साधा ताप आला तरी पडेल. मी बोलत होते आणि भाभी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी उलट्यांपर्यंत आले तेव्हा तिची नजर माझ्यावरून उठली आणि स्वयंपाकघराच्या फळीवर गेली.

खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न दाबून धरला होता.

"त्यांनी विचारलं होतं," ती म्हणाली. "हॉस्पिटलात."

"हो."

"मी नाही म्हटलं."

"तुला माहीत नव्हतं. भाईजानांनाही माहीत नव्हतं."

"मी हो म्हटलं असतं तर?"

इथे कुणी दुसरी असती तर ती काहीतरी म्हणाली असती. वेळ भरली होती, असं काही. माझ्याकडून ते होत नाही. आणि मी खोटं सांगितलं असतं तर तिनं अम्माचंही निम्मंच मानलं असतं.

"तर त्यांनी एक इंजेक्शन दिलं असतं," मी म्हटलं.

"वाचले असते?"

"बहुतेक."

तिनं मान हलवली, हिशेब पटल्यावर माणूस हलवतो तशी. रडली नाही. उठली, दुपट्टा डोक्यावर नीट घेतला आणि फोन लावला. अम्माचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. म्हातारी मोठ्यानं बोलते.

"अम्मा, उद्या रत्नागिरीला जायचंय. डॉक्टरकडे. चाचाच्या मुलाला सांगते, गाडी घेऊन येईल."

"मला काय झालंय? मी तर धावतेय!"

"म्हणूनच. तो डबा बरोबर ने. घोड्याचा."

"डबा कशाला? ते काय औषध आहे? झाडपाला तो."

"औषध आहे."

"कोण म्हणतं? ती समोरची दुकानवाली?"

"मी म्हणते." भाभीचा आवाज चढला नाही. "अम्मा, ऐक. डॉक्टर विचारेल, काही औषध चालू आहे का. विचारेल. तेव्हा नाही म्हणू नको. डबा काढून समोर ठेव आणि हो म्हण. काय म्हणशील?"

पलीकडून काहीतरी कुरकुर आली.

"नाही, तसं नको. मला म्हणून दाखव. विचारलं, औषध घेता का. काय म्हणशील?"

लेकीच्या आवाजात म्हातारीला काहीतरी लागलं असावं. मग ती हळू म्हणाली, "हो."

"पुन्हा."

"हो म्हणेन, बये. हो."

भाभीनं फोन ठेवला आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. मी तिच्याशेजारी बसले. मुलगी कॉलेजातून आली, आम्हाला दोघींना फरशीवर बसलेलं पाहून दारातच थांबली.

"व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही. नानी बरी होणार आहे," भाभी म्हणाली. "हात धू."

अम्माला डॉक्टरनं तपासलं. रक्त तपासून आलं तेव्हा मी म्हटलं होतं तेच निघालं. आता तिला तेच औषध गोळीच्या रूपात मोजून देतात आणि महिन्या-महिन्यानं कमी करतात. गुडघे पुन्हा धरले आहेत. फोनवर ती मला शिव्या देते. "माझे पाय त्या औषधवालीनं नेले," म्हणते. तिला बाकीचं काही सांगितलेलं नाही.

भावाला सांगू नको, असं भाभीनं मला तेव्हा बजावलं होतं. डबा बॅगेतून काढणारा तो होता. "एकीनं मनाशी धरलंय तेवढं पुरे," ती म्हणाली. पुढे इद्दत संपल्यावर तिनं त्याला स्वतःच सांगितलं. दार लावून दोघं आत बसले होते. काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. तो आता गावाहून आला की विमानतळावरून थेट माझ्या दुकानात येतो आणि लोकांनी दिलेल्या औषधाच्या पिशव्या काउंटरवर उघडून ठेवतो. "बघा," एवढंच म्हणतो.

हे लिहू का, म्हणून मी भाभीला विचारलं. ती कांदा चिरत होती.

"लिही," ती म्हणाली. "नाव कुणाचं नको."

तिच्या फळीवरचे डबे आता नाहीत. वेलची, लवंग, दालचिनी प्लॅस्टिकच्या बरण्यांत आहेत. पण चहाला वेलची घालताना तिचा हात अजून आधी डाव्या कोपऱ्यात जातो, जिथे तो डबा होता. तिथे काही सापडत नाही. मग ती हात मागे घेते आणि बरणी उचलते.